शंभर भागिले तीन

नववीच्या वर्गाला दशांश अपूर्णांक शिकवायचा दिवस मला आदल्या दिवसापासूनच नकोसा व्हायचा. वर्गात जाऊन फळ्यावर एक भागिले तीन लिहायचं, खाली रेघ ओढायची आणि शून्य पूर्णांक तीन, तीन, तीन करत सरकत जायचं. मुलं हसायची. एखादा व्रात्य पोरगा विचारायचा, "बाई, फळा संपला तर भिंतीवर लिहिणार का?" मीही हसायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हा धडा टाळला नाही, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारला नाही, आणि एकदाही तो मला सुखाने शिकवता आला नाही.

धडा तसा साधा. कुठलाही अपूर्णांक घ्या आणि भागत बसा. दोनपैकी एकच गोष्ट होते. एक तर कुठेतरी भाग पूर्ण जातो, बाकी शून्य उरते आणि आकडे थांबतात. त्याला खंडित म्हणायचं. नाहीतर बाकी शून्य होतच नाही, आधी येऊन गेलेली बाकी फिरून येते आणि तेच आकडे पुन्हा सुरू होतात. ते अखंड आवर्ती. यातलं काय होणार ते भागायच्या आधीच ओळखता येतं. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचं आणि छेदाचे अवयव पाडायचे. त्यात दोन आणि पाच यांच्याशिवाय कुणी नसेल तर आकडे थांबतात. तीन घुसला, सात घुसला की जन्मभर भागत बसा.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि सत्तरचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. शाळेतून आले ती घरात न जाता थेट आत्याच्या खोलीत गेले, कारण गणितातलं काहीही नवीन कळलं की ते आधी तिला सांगायचं असा माझा शिरस्ता होता. ती वाल सोलत बसली होती. मी जमिनीवर खडूने मांडलं. दहाला तीनने भागलं, तीन त्रिक नऊ, बाकी एक. वर शून्य घेतलं, पुन्हा दहा, पुन्हा नऊ, पुन्हा एक.

आत्याने चार ओळी पाहिल्या आणि म्हणाली, "पुरे कर गं. दर वेळी तोच एक उरतोय, मग पुढे वेगळं काय होणार?"

आमच्या बाईंना हे समजावायला एक तास लागला होता. आत्याला वालाच्या दोन शेंगा लागल्या.

ती माझ्या वडिलांची बहीण, चार भावंडांत सर्वांत मोठी. आमचं गाव वसईच्या वाडीपट्ट्यातलं, ख्रिस्ती वस्तीचं. केळी, पानवेली, भाजी आणि मोगरा यांवर जगणारं. आत्या सातवी पास झाली त्याच वर्षी आजी धाकट्या काकांच्या बाळंतपणात गेली आणि आत्याची शाळा सुटली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्याऐवजी ती तीन भावांची आई झाली. स्थळं आली आणि परत गेली. धाकटा चालायला लागू दे, मधल्याची शाळा होऊ दे, मोठा नोकरीला लागू दे, असं करता करता सगळ्यांचं सगळं झालं, घरात तीन सुना आल्या, आणि मग घरात आत्याला निजायला जागा उरली नाही. वाडीच्या मध्यावर आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीत खणलेला मोठा खोलगट खड्डा. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि गोडं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं. त्याच्या काठावर पूर्वी रहाट ओढणाऱ्या रेड्याचा गोठा होता. पंप आल्यावर रेडा गेला. गोठ्याला भिंती घातल्या आणि तिथे आत्या राहायला गेली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं, मला ती खोली फार आवडायची.

आमच्या घरची बोली शाळेतल्या मराठीहून अगदी वेगळी. ती मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून इथे सगळ्यांना पुस्तकातल्या मराठीत बोलायला लावते आहे. त्यांना राग आला असता. आला तर आला.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाटणीचा विषय निघाला. वाडी अडीच एकराला जरा कमी, नव्या मापात बरोबर एक हेक्टर. एक हेक्टर म्हणजे शंभर आर. एका रविवारी मिस्सा आटोपून तिघे भाऊ ओट्यावर बसले. मोठे काका मुंबईत सरकारी कचेरीत होते, त्यामुळे कागदाचं सगळं त्यांना कळतं असं घरात ठरलेलं होतं. त्यांना गुंठ्यांचं ज्ञान होतं, आरांचं नव्हतं. वडिलांनी मला हाक मारली.

"हिला बोलवा, गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव आणते," असं ते म्हणाले. ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यापूर्वी किंवा त्यानंतर वडिलांनी चार माणसांत माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

मी वही घेऊन गेले. मोठे काका म्हणाले, "शंभर आर, तिघे भाऊ. प्रत्येकाला किती ते मांड."

चढूनच गेले मी. नुसतं उत्तर देऊन माझं पोट भरणार नव्हतं. मी सांगितलं की हा भाग पूर्ण जाणारच नाही, तेहतीस पूर्णांक तीन तीन तीन असं अखंड चालत राहील, कारण छेदात तीन आहे. धाकटे काका हसले. मोठे काका म्हणाले, "कचेरीत असली शेपटं चालत नाहीत. तेहतीस धर आणि शेपूट काप."

कापलं. तेहतीस त्रिक नव्याण्णव, बाकी एक आर.

"त्या एकाचं काय?" धाकट्या काकांनी विचारलं.

यावर बराच खल झाला आणि शेवटी अशी तोड निघाली की तिघांनाही स्वतःचं कौतुक वाटावं. बावखल तर तिघांनाही लागणार. तेव्हा उरलेला आर बावखलाच्या काठाचा धरायचा, तो सामाईक ठेवायचा, आणि आत्याची खोली तिथेच आहे तर ती तिथे राहील. "बायचीही सोय झाली," मोठे काका म्हणाले. भाऊ आत्याला बाय म्हणत. वडिलांनी मान डोलावली. भागाकारात जे कुणालाच देता येईना ते बहिणीला देऊन टाकण्यात आपण मोठं मन दाखवलं, असं त्यांना मनापासून वाटलं असणार. ढोंग केलं असतं तर मला आज इतकं कडू लागलं नसतं.

माझ्या वहीच्या कोपऱ्यात तेव्हा एक आकडा होता. शंभराला तीनने भाग जात नाही हे दिसताच मी सवयीने पुढच्या आकड्याने भागून पाहिलं होतं. चार म्हणजे दोन गुणिले दोन. नियमाप्रमाणे थांबायलाच हवा, आणि थांबला. पंचवीस, बाकी शून्य. भावंडं चारच होती. ते लिहिताना माझ्या लक्षात नव्हतं, पण लिहून झाल्यावर आलं. मी पोर असले तरी मूर्ख नव्हते. पंचवीसकडे पाहिलं आणि मला कळलं की हे उत्तर आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांत बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीचाही मुलाएवढाच वाटा असतो, हे मला पुढे कळलं. मोठ्या काकांना तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर आत्याच्या सहीचा हक्कसोडीचा कागद लागणार होता.

वडिलांचं बोट वहीवर आलं. "हे काय लिहिलंस?"

मी म्हटलं, "काही नाही, कच्चं काम."

त्यांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ते शेती करणारे असले तरी हिशेबाला पक्के होते. पंचवीस कशाचे ते त्यांना कळलं नसेल असं मी कितीही वेळा स्वतःला सांगून पाहिलं, पटत नाही. ते म्हणाले, "मग खोड."

मी खोडलं. नीट खोडलं, रबराचा कचरा फुंकून टाकला. पुढच्या रविवारी मोठ्या काकांनी मुंबईहून माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणली. मी ती शाळेत सगळ्यांना दाखवली.

सही करायला जायच्या आदल्या दिवशी आत्याने मला बोलावून घेतलं. तिच्या दारात पाचूबंदरची मासळीवाली टेकली होती. ती डोक्यावरची पाटी उतरवून "बाय, पानी दे गो जरा, तुज्या बावखलासारखा गोड पानी कुटं नाय," म्हणत दोन तांबे पाणी प्यायली आणि निघून गेली. ती फाटकापलीकडे जाईपर्यंत आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "तू मांडलंस म्हणे. मला दाखव."

मी वही दाखवली. तिने ओठांतल्या ओठांत पाढा म्हटला. "तेहतीस त्रिक नव्याण्णव. बाकी एक. बरोबर आहे." मग तिने विचारलं, "आणि चारांनी भागलं असतं तर?"

"पंचवीस."

"बाकी?"

"शून्य."

"हे तिथे बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "मला कुणी विचारलं नाही, आत्या."

"मलाही नाही विचारलं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या विसळायला उठली.

मला वाटलं ती सही करणार नाही. रात्रभर मी तेच मागत होते; प्रार्थनेत असं कुणाच्या तरी विरुद्ध मागायचं नसतं, तरी मागत होते. सकाळी ती चर्चला नेसायची साडी नेसून भावांच्या मागून वसईच्या कचेरीत गेली आणि सही करून आली. मी हट्टाने बरोबर गेले होते. कागद पुढे आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "तो एक आर माझ्या नावाने लिहा."

मोठे काका म्हणाले, "बाय, आपल्याआपल्यात लिहायचं काय असतं? तो तुझाच आहे."

ज्याला तिने अंगाखांद्यावर वाढवलं त्याला कारकुनासमोर खोटं पाडणं तिला जमलं नाही. तिची सही सुंदर होती, सातवी पास बाईची, ठसठशीत. एक आर सामाईक म्हणून तीन भावांच्या नावावर चढला. बाहेर आल्यावर भावांनी तिला भजी आणि चहा दिला. गंगेत घोडं न्हालं.

एक आर म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. आत्याने त्यात दहा वर्षं काढली आणि त्यातल्या एका वितीवरही रिकामी माती ठेवली नाही. खोली, बावखलाची एक बाजू, मोगऱ्याची दोन रांगांतली झाडं, अळू, एक पपई. भावांची वाडी तीन बाजूंनी पसरलेली आणि मधे ही. ती आनंदात होती असं म्हणण्याची सोय आहे, घरात सगळे तसंच म्हणत. मी विचारलं नाही. मला तिच्यासमोर पहिल्यासारखं बसताच येईना. गणितातलं नवीन काही कळलं तर मी ते वहीतच ठेवायला शिकले.

मी बीएस्सी झाले, बीएड झाले, विरारच्या एका शाळेत लागले. लग्न झालं आणि फुलपाड्यात दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. चाळवजा बैठं घर, तळमजला, दारापासून रस्ता दहा पावलांवर. नवरा, मी आणि सासूबाई.

तोवर ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं आणि वसईच्या वाड्यांत टँकर घुसले होते. नव्या इमारतींना पाणी हवं, ते बावखलांत आणि विहिरींत होतं. आमचं बावखलही दोन उन्हाळे उपसलं गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागलं. मासळीवाली यायची ती यायची, पण पाणी मागेनाशी झाली. केळी बसल्या, पानवेली वाळल्या. मग बिल्डर आला आणि वाडी द्या, तिघांनाही त्याच जागेवर फ्लॅट देतो, म्हणाला. तिघेही हो म्हणाले. त्यात मी त्यांना दोष देत नाही. मचूळ पाण्यावर कोण किती दिवस वाडी करणार.

बिल्डरला सामाईक आर मोकळा हवा होता, कारण बावखल बुजवून तिथे पाण्याची टाकी बांधायची होती. मोठ्या काकांच्या मुलाकडे कॅल्क्युलेटर होता. त्याने शंभर चौरस मीटर भागिले तीन केलं. तेहतीस पूर्णांक तीन तीन तीन, काचेवर मावले तेवढे तीन आले. "संपलं," तो म्हणाला. मी त्या वेळी माहेरी आलेली होते. संपलेलं नाही, काच संपलीय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मूग गिळून बसले. वाडीतली ती माझी जुनी सवय. त्याने तेहतीस, तेहतीस, तेहतीस लिहिलं आणि उरलेला एक चौरस मीटर, म्हणजे एक लाकडी पाट ठेवण्याएवढी जागा, मोठेपणाने तिघाही भावांच्या नावे सामाईक दाखवला.

आणि आत्या? तिचंही गणित झालं. वर्षाचे महिने बारा, भाऊ तीन. प्रत्येकाकडे चार महिने. जानेवारी ते एप्रिल मोठ्या काकांकडे, मे ते ऑगस्ट माझ्या वडिलांकडे, सप्टेंबर ते डिसेंबर धाकट्या काकांकडे, मग पुन्हा मोठ्या काकांकडे. "काही उरत नाही, कुणावर जास्त भार नाही," मोठे काका म्हणाले. खरंच हा भाग पूर्ण गेला. शंभर आरांना जे जमलं नव्हतं ते बारा महिन्यांना जमलं, कारण या वेळी वाटायची वस्तू आत्या होती.

इमारत उभी राहिली. बावखल होतं तिथे टाकी झाली. मोठे काका पहिल्या मजल्यावर, वडील दुसऱ्या, धाकटे काका तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. दर चार महिन्यांनी शेवटच्या तारखेला संध्याकाळी आत्याची पत्र्याची ट्रंक एक जिना चढायची. तिसऱ्यावरून पहिल्यावर यायची तेव्हा दोन उतरायची. कोणत्याही घरात तिला कुणी घालूनपाडून बोलत नसे. फक्त ती शेवटची तारीख सगळ्यांच्या लक्षात असायची. नातवंडं दिवस मोजायची, त्यांना आत्याआजी गेल्यावर तिची खाट खेळायला मिळायची. तिचे गुडघे धरले होते. मिस्साला जायचं तर दोन मजले उतरा, दोन चढा. पुढे पुढे ती फक्त मोठ्या सणाला जाऊ लागली, आणि ज्या बाईने पन्नास वर्षं आंजेलची, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या प्रार्थनेची, घंटा चुकवली नव्हती ती खिडकीतून चर्चचा मनोरा कुठे दिसतो का पाहत बसू लागली. मधे आता दुसरी इमारत होती.

दुसऱ्या फेरीतल्या मे महिन्यात ती वडिलांकडे आली तेव्हा मीही सुटीत चार दिवस गेले होते. दुपारी सगळे आडवे झालेले. ती खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. मला म्हणाली, "तुझं घर बैठं आहे ना गं?"

"हो."

"चर्च लांब आहे का?"

"पायी पंधरा मिनिटं. रस्ता सपाट आहे."

"मी काही जास्त खात नाही आता," ती म्हणाली. "भाजी निवडीन. तू शाळेत जातेस तर घराला कोणीतरी लागतंच. तीन महिने. जास्त नको. तुझ्या बापाचे चार आहेत त्यातले कमी होतील, काकांचेही होतील."

तिने भागाकार आधीच करून ठेवला होता. बारा भागिले चार. तिला फक्त चौथं माणूस हवं होतं आणि ते तिने निवडलं होतं. वाल सोलताना जिने मला बाकी ओळखायला शिकवलं ती माझी आत्या माझ्याकडे याचना करत होती. आणि याचना दिसू नये म्हणून तेलाच्या वाटीत पाहत होती.

मी म्हटलं, "बघते, आत्या. घरी विचारून सांगते."

मी विचारलं नाही. सासूबाई नाही म्हणाल्या असत्या, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. त्या गेल्या तोवर मला कळून चुकलं होतं की त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या, आणि मला भीती त्याचीच होती. दोन खोल्या, शाळा, पोटात पहिलं मूल. त्यात रोज सकाळी तिचं तोंड बघायचं. खोडलेला पंचवीस रोज उठून चहा करणार, भाजी निवडणार, माझ्याकडे बघणार. मला ते नको होतं. भावांनी तिला जागा नाही म्हणून दिली नाही, भावजयांनी सवय नाही म्हणून दिली नाही. मी मात्र तिला ओळखत होते म्हणून दिली नाही.

जूनमध्ये ती एकदा वडिलांच्या शेजाऱ्यांकडून माझ्या शाळेत फोन करीन म्हणाली होती. केला नाही. जुलैत मी गेले तेव्हा तिने विषय काढला नाही. मीही काढला नाही. ती मला पपई कापून देत होती, बाजारची, आणि बी नीट काढून कागदात पुडी बांधत होती. कुठे लावणार होती कोण जाणे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिला दम लागला. इस्पितळात नेलं. एकतीस तारीख गेली. एक सप्टेंबरला पहाटे ती गेली.

इस्पितळाच्या खिडकीशी कारकून मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरत होता. नाव झालं, वय झालं. त्याने विचारलं, "राहण्याचा पत्ता?"

तिघे भाऊ उभे होते. मोठे काका धाकट्यांकडे पाहू लागले. धाकटे काका म्हणाले, "आमच्याकडे यायची होती, पण आली नव्हती अजून." ते निर्दयपणे नाही म्हणाले, गडबडून म्हणाले, खरं ते सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांचे डोळे रडून लाल झाले होते. ते बहिणीसाठी खरोखर रडले होते. तरी त्यांच्या तोंडून निघालं, "काल एकतीस झाली."

कारकुनाने पेन वर धरून विचारलं, "म्हणजे काय लिहू?"

मी पुढे झाले आणि माझा फुलपाड्याचा पत्ता सांगितला. खोली क्रमांकासकट, तळमजला म्हणून. त्याने लिहून घेतला. मोठ्या काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे कितीतरी दिवस नात्यातल्या बायका मला सांगत की भावांनी नाही, भाचीने शेवटी नाव राखलं. मी कुणाला काही बोलले नाही. तो दाखला माझ्या कपाटात आहे, शिक्क्यानिशी, आणि त्यात लिहिलंय की ती माझ्या घरी राहत होती.